श्टोल्परश्टाइन स्वच्छ करताना

नाझींनी ज्यांचा छळ केला, ज्यांना मारलं, त्यांनी स्वेच्छेने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर जर्मनीत फुटपाथमध्ये वर नाव असलेला पितळी पत्र्याचा १० सेंटिमीटरचा ठोकळा बसवतात; त्याला श्टोल्परश्टाइन (अडखळण्याचा दगड) म्हणतात. पितळ काळवंडलं की नाव वाचता येत नाही. म्हणून ९ नोव्हेंबर (१९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराचा स्मृतिदिन) आणि २७ जानेवारी (आउश्वित्झ छळछावणीच्या मुक्ततेचा दिवस) यांच्या सुमारास लोक ते घासतात.

आधी वाळू ब्रशने झाडा, कण राहिले तर चरे पडतात. भोवतीच्या फरशीवर चिकटपट्टी लावा, नाहीतर डाग पडतात. मऊ फडक्यावर थोडंसं पितळेचं पॉलिश घेऊन घासा, पुसून कोरडं करा. तारेची घासणी नकोच. कोरलेल्या अक्षरांत पॉलिश पांढरं सुकतं; जुन्या टूथब्रशने एकेक अक्षर मोकळं करा. इथे घाई नको, कित्येकांना कबरसुद्धा मिळालेली नाही. मेणबत्ती शेजारी ठेवा, मेण पत्र्यावर सांडू देऊ नका.