कौटुंबिक ट्रस्टमधून एखादी मिळकत परत कशी घ्यावी, त्याच्या अटी कशा बदलाव्यात

मुलानातवंडांसाठी केलेला ट्रस्ट काही वर्षांनी अडचणीचा वाटू लागतो. तीन मिळकतींपैकी एक परत हवी असते, धाकट्याचा हिस्सा वाढवायचा असतो, किंवा ‘पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत रक्कम द्यायची नाही’ ही अट जाचक ठरते. मग सल्ले सुरू होतात. चूक दुरुस्ती पत्र करा. विश्वस्तांचा ठराव लिहून ठेवा. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करून टाका, कोण विचारतंय! विचारतो तो पुढचा खरेदीदार आणि त्याचा वकील, आणि तोपर्यंत सह्या करणाऱ्यांपैकी कोणी हयात नसतं. चूक दुरुस्ती पत्र चुकलेला गट नंबर किंवा नावातली चूक सुधारण्यासाठी असतं, मालकी फिरवण्यासाठी नाही. विश्वस्तांना ट्रस्ट चालवायचा अधिकार असतो, तो मोडायचा नसतो.

हा लेख फक्त खासगी ट्रस्टबद्दल आहे, म्हणजे १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखालच्या. देवस्थान, शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक कामाचा ट्रस्ट असेल तर त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. त्यात दिलेली मिळकत देणाऱ्याला मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. ट्रस्ट मृत्युपत्रातून केला असेल आणि मृत्युपत्र करणारी व्यक्ती हयात असेल, तर काम सोपं आहे: नवं मृत्युपत्र किंवा पुरवणी मृत्युपत्र करा.

पहिलं काम: नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा

फक्त विश्वस्त बदलायचा असेल तर रद्द करण्याच्या वाटेला जाऊच नका. कलम ७३ खाली नवा विश्वस्त नेमता येतो. सज्ञान लाभार्थ्याला (ज्याच्या फायद्यासाठी ट्रस्ट केलाय त्याला) आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल तरी मूळ दस्ताला हात लावावा लागत नाही, कारण कलम ५८ प्रमाणे तो आपला हक्क हस्तांतरित करू शकतो. माझ्याकडे ‘ट्रस्ट बदलायचाय’ म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

उरलेल्यांसाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिळकत ट्रस्टमधून बाहेर काढणं म्हणजे तेवढ्यापुरता ट्रस्ट रद्द करणं. मिळकत ट्रस्टमध्येच ठेवून विश्वस्तांना दिलेल्या सूचना बदलणं म्हणजे फेरबदल. दोन्हींचे नियम सारखे नाहीत, आणि सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

दुसरं काम: अधिकार कुठून येतो ते शोधा

या टप्प्यावर घाई करू नका. सुरुवातीच्या काळात माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि आजही मसुदा लिहिण्यापेक्षा मी जास्त वेळ इथेच देते.

रद्द करण्याबद्दल कलम ७८ आहे. हयातीत केलेला ट्रस्ट तीनच परिस्थितींत रद्द होतो. एक, सगळे लाभार्थी करार करण्यास सक्षम असतील आणि सगळ्यांची संमती असेल. दोन, ट्रस्ट करणाऱ्याने तो करतानाच रद्द करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत स्वतःकडे राखून ठेवला असेल. तीन, ट्रस्ट स्वतःचं कर्ज फेडण्यासाठी केला असेल आणि ते धनकोंना (कर्ज देणाऱ्यांना) कळवलेलं नसेल. तिसरी परिस्थिती कौटुंबिक ट्रस्टमध्ये जवळजवळ नसतेच, म्हणून ती सोडून देऊ.

आधी ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या मूळ दस्तात, राखून ठेवलेला अधिकार शोधा. ‘स्पष्ट’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. ‘या दस्तातील अटींमध्ये वेळोवेळी सुधारणा करता येईल’ असं कलम असतं आणि लोक त्याच्या जोरावर बंगला परत घ्यायला निघतात. सुधारणेचा अधिकार म्हणजे रद्द करण्याचा अधिकार नव्हे. तो अधिकार कोणाला दिलाय तेही वाचा: ट्रस्ट करणाऱ्याला, विश्वस्तांना, की दोघांना मिळून. पूर्वसूचना, लेखी संमती, साक्षीदार अशा अटी असतील तर त्या अक्षरशः पाळा. कलम ७८ मध्ये ‘अंशतः’ असा वेगळा शब्द नाही. डीडमध्ये ‘पूर्णतः किंवा अंशतः’ असं असेल तर प्रश्न मिटला. नुसतं ‘रद्द करण्याचा अधिकार’ असेल तर मोठ्या अधिकारात छोटा येतो असा युक्तिवाद करता येतो, पण मी युक्तिवादावर मिळकत सोडत नाही. सज्ञान लाभार्थ्यांच्या लेखी संमत्याही त्याच दस्तात घेते.

राखून ठेवलेला अधिकार नसेल, तर संमतीशिवाय मार्ग नाही. सगळ्यांची संमती म्हणजे खरोखर सगळ्यांची. ट्रस्टमध्ये अठरा वर्षांखालचा एक जरी लाभार्थी असेल तर सगळे सक्षम ही पहिलीच अट पूर्ण होत नाही. ‘आईने अज्ञान पालनकर्ती (अल्पवयीन मुलाची पालक) म्हणून सही केली की झालं’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता राग येतो. तुम्ही मुलाचा हक्क कमी करणारा कागद करताय, आणि त्यावर मुलाच्या वतीने सही करणारी व्यक्ती अनेकदा त्याच कागदातून फायदा घेणारी असते. असा दस्त नोंदला गेला तरी तो भक्कम होत नाही. मूल सज्ञान झाल्यावर त्याला आव्हान देऊ शकतं, आणि द्यायलाही हवं.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे डीडमधला ‘माझी जन्मलेली व पुढे जन्माला येणारी नातवंडे’ हा शब्दप्रयोग. जन्माला न आलेलं मूल संमती देऊ शकत नाही. आणखी नातवंडं होण्याची शक्यता आहे तोवर संमतीची यादी पूर्ण होत नाही. लाभार्थ्यांची यादी तयार करताना नावं वाचून थांबू नका. ‘त्यांच्या पश्चात त्यांचे वारस’, ‘अविवाहित मुली’ असं वर्णन करणारा प्रत्येक शब्द अधोरेखित करा आणि त्या वर्णनात आज कोण बसतं, उद्या कोण बसू शकतं, ते लिहून काढा. मानसिक आजारामुळे किंवा स्मृतिभ्रंशामुळे व्यवहार न समजणारी व्यक्ती लाभार्थी असेल तर तीही संमती देण्यास सक्षम नाही, वय काहीही असो.

आता फेरबदलाचा नियम. कलम ११ म्हणतं की विश्वस्ताने ट्रस्ट करणाऱ्याच्या सूचना पाळायच्या, मात्र सगळ्या सक्षम लाभार्थ्यांच्या संमतीने त्या सूचना बदलता येतात. आणि इथे कायद्याने अज्ञान लाभार्थ्यासाठी सोय ठेवली आहे: त्याच्या वतीने मूळ अधिकारितेचं प्रमुख दिवाणी न्यायालय, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालय, संमती देऊ शकतं. ही सोय कलम ७८ मध्ये नाही. म्हणून घरात अज्ञान लाभार्थी असेल आणि राखीव अधिकार नसेल, तर मिळकत बाहेर काढण्याचा हट्ट सोडून तीच गरज सूचना बदलून भागते का ते बघा. शिक्षणासाठी पैसे लवकर द्यायचेत, पडून असलेला फ्लॅट भाड्याने द्यायचाय, अशा गरजा फेरबदलात बसतात. न्यायालयात जाताना हा बदल मुलाच्या हिताचा कसा आहे ते आकड्यांसह सांगा. मोठ्यांची सोय हे तिथे कारण होऊ शकत नाही.

कलम ३४ खाली अर्ज करा असंही कोणी सुचवतं. त्या कलमाखाली विश्वस्ताला ट्रस्टच्या कारभाराबद्दल न्यायालयाचं मत आणि मार्गदर्शन मागता येतं. गुंतागुंतीचे प्रश्न त्यात सुटत नाहीत आणि ट्रस्टही त्यातून बदलून मिळत नाही.

ट्रस्ट करणारी व्यक्ती वारली असेल तर तिने स्वतःकडे राखलेला अधिकार वारसांना आपोआप मिळत नाही. मुलांनी ‘बाबांचा अधिकार आता आमचा’ असं धरून दस्त केला तर तो वाया जातो. त्या वेळी लाभार्थ्यांची संमती हाच आधार उरतो.

तिसरं काम: करसल्लागाराला आधी विचारा

दस्त झाल्यावर नव्हे, मसुद्याआधी. परत घेता येणाऱ्या ट्रस्टचं उत्पन्न ट्रस्ट करणाऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं, हा नियम १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ६१ ते ६३ मध्ये होता आणि २०२५ च्या कायद्यानेही तेच तत्त्व ठेवलं आहे. उत्पन्नाचा किंवा मिळकतीचा काही भाग परत घेण्याची तरतूद असली तरी हा नियम लागू होऊ शकतो. म्हणून ‘बदल करतोच आहोत तर पुढच्यासाठी रद्द करण्याचं एक कलमही घालू’ असं मध्येच करू नका.

चौथं काम: मसुदा

मूळ दस्ताची तारीख, नोंदणी क्रमांक, अधिकार देणारं कलम शब्दशः, बाहेर काढायच्या मिळकतीचं चतुःसीमेसह वर्णन, आणि ‘उर्वरित मिळकतींबाबत मूळ दस्त पूर्वीप्रमाणेच अंमलात राहील’ हे वाक्य. हे शेवटचं वाक्य राहिलं तर अंशतः रद्द केलं की पूर्ण, यावर वाद होतो. न्यास अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे विश्वस्तांनी तोवर रीतसर केलेल्या गोष्टींना बाधा येत नाही. त्यामुळे चालू भाडेकरार, दिलेल्या रकमा, काढलेलं कर्ज यांची यादी जोडा.

माझा आग्रह आहे की विश्वस्तांनी या दस्तात पक्षकार व्हावं. मालकी त्यांच्या नावावर आहे. ट्रस्ट करणाऱ्याने एकट्याने रद्दलेख केला आणि विश्वस्तांनी मिळकत परत लिहून दिलीच नाही, तर कागद अर्धवट राहतो.

पाचवं काम: मुद्रांक आणि नोंदणी

महाराष्ट्राच्या मुद्रांक अधिनियमात ट्रस्ट रद्द करण्याच्या दस्ताची वेगळी नोंद आहे. पण त्याच कागदात मिळकत परत लिहून दिली असेल, तर शुल्क कोणत्या अनुच्छेदाने लावायचं यावर मतभेद होतात. अंदाजाने शुल्क भरू नका. मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, द्या. थोडा वेळ जातो, पण पुढे दंड आणि वसुलीची नोटीस येण्याचा धोका टळतो.

स्थावर मिळकत असेल तर नोंदणी हवीच, आणि सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकांकडे हजर करायला हवा. नोंदलेल्या दस्ताची अट तोंडी बोलण्याने बदलत नाही, घरात सगळे कितीही एकमताने बसलेले असोत.

शेवटची कामं

इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, घ्या. शेतजमिनीसाठी सातबाऱ्यावर फेरफार, शहरात मालमत्ता पत्रकावर नोंद, फ्लॅट असेल तर सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव. बँकेला दस्ताची प्रत देऊन सह्यांचे अधिकार बदला. भाडेकरू असेल तर भाडं कोणत्या तारखेपासून कोणाच्या खात्यात जमा करायचं ते त्याला विश्वस्त आणि नवा मालक या दोघांच्या सह्यांचं पत्र देऊन कळवा, आणि त्याची पोच मूळ डीडच्याच फाइलमध्ये लावा.