फराळ संपला की टायर बदला

अमेरिकेत किंवा कॅनडात पहिला हिवाळा काढणाऱ्यांनी टायर बदलण्याचा मुहूर्त दिवाळीशी बांधून टाकावा. तिथी पुढेमागे होते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सुमार काही चुकत नाही. पहिला बर्फ पडल्यावर गॅरेजला फोन केलात तर पुढच्या पंधरवड्यातली वेळ मिळेल. विंटर टायर फक्त बर्फासाठी असतात हा समज आधी डोक्यातून काढा. तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की साध्या ऑल-सीझन टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा पकड कमी होते. विकत घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चित्र आहे ना ते बघा. नुसती एम आणि एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरं पुरत नाहीत. क्वेबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च असे चित्रवाले टायर कायद्यानेच लागतात. आणि बदलायचे तर चारही बदला. पैसे वाचवायला पुढचे दोनच बदलले, तर वळणावर पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सोडतात आणि गाडी गर्रकन फिरते. ‘आमची ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, चारही चाकांना इंजिनाचा जोर, आम्हाला काय’ असं म्हणणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक मंडळात भेटतो. त्या यंत्रणेने गाडी जागेवरून छान निघते, पण ब्रेक लावल्यावर ती कुठे थांबणार हे टायरच ठरवतात.

टायरनंतरची यादी मात्र तुम्ही राहता कुठे त्यावर ठरते, आणि नवख्यांचं नेमकं इथेच फसतं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मावसभावाने पाठवलेली यादी घेऊन माणूस कॅनडातल्या विनिपेगला जातो, किंवा मिनेसोटात दहा हिवाळे काढल्याच्या तोऱ्यात डॅलसला गाडी बाहेर काढतो. बर्फ सगळीकडे पांढराच दिसतो, पण त्याचे स्वभाव वेगळे.

बफेलो, सिरॅक्युज किंवा एरीच्या बाजूला, म्हणजे ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांजवळ असाल तर तळ्यावरून येणारा बर्फ ओळखायला शिका. कोरडी थंड हवा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून वाहते, बाष्प उचलते आणि किनाऱ्यावर आणून ओतते. हा पट्टा अरुंद असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला, तेव्हा शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही इंच होता. म्हणून तिथे आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर जाऊ नका. जिथे जायचंय तिथला आणि वाटेतला अंदाज बघा. प्रवासबंदी जाहीर होण्याची वाटही बघू नका. डिसेंबर २०२२ च्या नाताळातल्या वादळात बंदी जाहीर झाली तोवर कित्येक जण कामाला निघून गेले होते. त्या वादळात बफेलो आणि परिसरात चाळीसहून जास्त माणसं दगावली, काही तर आपल्याच गाडीत. रुग्णवाहिकाही पोचू शकत नव्हत्या. ऑफिसला न जाण्याचं साहेबाशी आधीच बोलून ठेवणं हा तिथल्या यादीतला पहिला मुद्दा धरा.

डोंगराकडचा मामला निराळा. तिथे लोक बर्फाकडे आपण होऊन जातात, बहुतेकदा शनिवारी पहाटे, भाड्याच्या गाडीतून. डेन्व्हरहून स्कीइंगला जाणारा आय-७० महामार्ग घ्या. मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मेपर्यंत टायरचा कायदा लागू असतो आणि टायरच्या खाचा किमान ३/१६ इंच खोल लागतात. गाडी आडवी होऊन रस्ता अडला तर दंड साडेसहाशे डॉलरच्या वर जातो. कॅलिफोर्नियात टाहो सरोवराकडे जाताना डॉनर खिंडीच्या अलीकडे आर-१, आर-२, आर-३ असे फलक लागतात. आर-२ म्हणजे चारही चाकांना जोर असलेली आणि चारही स्नो टायर असलेली गाडी सोडून बाकी सगळ्यांना टायरवर चढवायच्या साखळ्या. त्या सूट मिळालेल्या गाडीतही साखळ्या बरोबर असाव्याच लागतात. आर-३ म्हणजे सरसकट सगळ्यांना. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात स्वेटरवर हिवाळा काढणाऱ्यांना हे तिथे पोचल्यावर कळतं. साखळी इंजिनाचा जोर असलेल्या चाकांवर चढते, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. घरी, कोरड्या ड्राइव्हवेवर, उजेडात एकदा चढवून उतरवून बघा. आतली कडी चाकामागे हात घालून न बघता अडकवायची असते, मग बाहेरची ओढायची, थोडं अंतर गाडी चालवून थांबायचं आणि पुन्हा ताणायची. हे पहिल्यांदा करायची जागा रस्त्याची कड नव्हे, तेही चिखल-बर्फात गुडघ्यावर बसून, शेजारून ट्रक जात असताना. डिकीत जाड रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई ठेवा. पैसे घेऊन साखळी चढवून देणारे परवानाधारक लोक तिथे असतात, साखळ्या मात्र तुमच्या लागतात. भाड्याची गाडी असेल तर करारात साखळ्यांना मनाई आहे का ते आधी वाचा. बऱ्याचदा असते.

डकोटा, मॅनिटोबा, सस्कॅचवान या सपाट मुलखात बर्फापेक्षा वारा वैरी. आभाळ निरभ्र आणि रस्त्यावर मात्र समोरचं बॉनेट दिसेनासं, कारण आधीच पडलेला बर्फच वारा उडवत असतो. तिथे महामार्गाला फाटकं असतात आणि ती खरोखर बंद करतात. फाटक बंद दिसलं की गावात खोली शोधा. फोनवरचा नकाशा आडवाटेने नेऊ पाहील. त्याचं ऐकू नका, त्या वाटेवर प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारा ट्रक, सगळ्यात शेवटी फिरतो. विनिपेग-एडमंटनला गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारा विजेचा प्लग बघून नवे लोक चकित होतात. ते इंजिन ऊबदार ठेवण्यासाठी असतं. पार्किंगमध्ये त्यासाठीच सॉकेट असतात, त्यामुळे बाहेर वापरायची जाड एक्स्टेन्शन वायर घ्या. साधं मीठ उणे नऊच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर वाळू टाकतात. मीठ टाकलंय म्हणजे रस्ता सुटला असं समजू नका.

न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागोकडे मुख्य झगडा पार्किंगचा आणि शेजाऱ्यांचा. न्यू जर्सीत टपावरचा बर्फ न झाडता निघालात तर अपघात न होताही दंड आहे, आणि तो रास्त आहे. टपावरची गोठलेली लादी हायवेवर उडून मागच्याच्या काचेवर आदळते. शिकागोत काही मुख्य रस्त्यांवर १ डिसेंबर ते १ एप्रिल पहाटे तीन ते सात पार्किंग बंद, बर्फ असो वा नसो. मिनियापोलिसमध्ये स्नो इमर्जन्सी जाहीर झाली की पहिल्या रात्री मुख्य रस्ते, दुसऱ्या दिवशी इतर रस्त्यांची सम नंबरांची बाजू आणि तिसऱ्या दिवशी विषम, असं मोकळं करावं लागतं. शहराच्या सूचना फोनवर येतील अशी नोंदणी करून ठेवा. बॉस्टनमध्ये बर्फ उपसलेल्या जागेवर उपसणाऱ्याने जागा राखायला खुर्ची ठेवलेली दिसली तर ती हलवून गाडी लावू नका. कायदा काय म्हणतो ते नंतर, आधी भांडण होतं.

आणि ज्यांना वाटतं आपल्याकडे बर्फच पडत नाही, त्या टेक्सास-जॉर्जियावाल्यांनी सगळ्यात जास्त घाबरावं. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात दोन-अडीच इंच बर्फ पडला. दुपारी सगळे एकदम घरी निघाले, रस्ते तुंबले, मुलं रात्रभर शाळेत अडकली. ११ फेब्रुवारी २०२१ ला फोर्ट वर्थमध्ये पहाटे गोठत्या भुरभुरीने रस्ता काचेसारखा झाला, सव्वाशेहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा जण गेले. तिथे ना विंटर टायर, ना पुरेसे प्लाऊ. या भागातली यादी छोटी आहे: दोन दिवसांचं दूध-भाजी-औषध घरात आणि गाडीची किल्ली खुंटीवर.

आता डिकी. छोटं फावडं, काच खरवडायचा लांब दांड्याचा ब्रश, जंपर केबल, विजेरी, रुतलेल्या चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी. उणे चाळीसला न गोठणारं काचेचं पाणी भरा. उन्हाळ्यातलं निळं पाणी नळीतच गोठतं. भारतातून आणलेली गोधडी सोफ्यावर मिरवण्यापेक्षा डिकीत ठेवा. लोकरीचे मोजे, टोपी आणि बूट गाडीतच असू देत, कारण ऑफिसचे बूट घालून निघणारे आपल्यात फार. खायला राजगिऱ्याची चिक्की, खजूर, दाणे. पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरू नका, गोठून फुटते. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. विजेच्या गाडीवाल्यांनी थंडीत पल्ला बराच घटतो हे धरूनच हिशेब करावा. लहान मूल असेल तर फुगीर जॅकेट घालून कार-सीटचा पट्टा बांधू नका: धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ स्वेटरवर पट्टा आवळा, वरून पांघरूण घाला.

सकाळी काचेवर गरम पाणी ओतायचा मोह होईल. ओतलंत तर काच तडकेल. आदल्या रात्री वायपर उभे करून ठेवा, सकाळी गाडीचं धुराडं मोकळं आहे का बघा आणि मगच इंजिन सुरू करा. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत गाडी तापवत ठेवू नका. टप, दिवे, नंबरप्लेट, सगळं झाडा. दिवे हाताने लावा. आपोआप लागणारे दिवसाचे दिवे बऱ्याच गाड्यांत फक्त पुढचे असतात आणि पांढऱ्या धुरळ्यात मागून तुम्ही दिसत नाही.

चालवताना क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप राखणारी सोय) बंद. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, तर तो ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर, समजा आणि काहीही झटक्याने करू नका. कसारा घाट गिअरमध्ये उतरवलेल्यांना ही सवय असते, तीच इथे कामी येते: ब्रेकवर कमी, खालच्या गिअरवर जास्त. गाडी घसरलीच तर पाय उचला, नजर आणि स्टिअरिंग जायचंय तिकडे. ब्रेक लावावाच लागला आणि गाडीत एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असेल, तर ब्रेक घट्ट दाबून धरा. पेडल पायाखाली थरथरतं, त्याला घाबरून पाय काढू नका. प्लाऊ पुढे असेल तर त्याच्या मागेच राहा. त्याच्या मागचा रस्ता त्याच्या पुढच्यापेक्षा नक्की बरा असतो.

अडकलात, तर गाडी सोडून चालत निघू नका. जानेवारी २०२२ मध्ये व्हर्जिनियात आय-९५ वर शेकडो गाड्या चोवीस तासांच्या वर अडकल्या होत्या, तेही वॉशिंग्टनपासून फार दूर नाही. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, त्याआधी दर वेळी धुराडं उकरून मोकळं करा, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. धूर आत साचला तर आधी झोप येते आणि मग जाग येत नाही. गाडी लांबून दिसावी म्हणून अँटेनाला लाल ओढणी बांधा.

राहता राहिलं घर. ड्राइव्हवे उपसून तुम्ही चहाला आत आलात की प्लाऊ येतो आणि तोंडाशी घट्ट, ओल्या ढेकळांचा गुडघाभर बांध टाकून जातो. त्यावर एक उपाय आहे: रस्त्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला, ड्राइव्हवेच्या अलीकडे, आठ-दहा फुटांची जागा कडेने उपसून ठेवा. प्लाऊ त्या बाजूने येतो, त्याचा बराचसा भार त्या खळग्यात पडतो. फावड्याने बर्फ उचलण्यापेक्षा ढकला. पन्नाशीच्या पुढच्यांनी, रक्तदाब-मधुमेहवाल्यांनी आणि पाहुणे म्हणून आलेल्या बाबांनी फावड्याला हात लावू नये; थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात एकदम श्रम झाले की हृदयावर ताण येतो. बर्फ काढणारा माणूस नोव्हेंबरातच ठरवून त्याला आगाऊ पैसे देऊन टाका. वादळाच्या सकाळी तो नव्या गिऱ्हाइकाचा फोन उचलत नाही.