घरच्या जळणासाठी चेनसॉ घेताना

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती सीसीचं देऊ?’ त्याचं उत्तर द्यायच्या आधी घरात वर्षाला किती लाकूड जळतं ते मोजा. न्हाणीच्या चुलीला किंवा बंबाला रोज साडेपाच किलो लाकूड लागत असेल, तर वर्षाचं झालं दोन टन. सहा इंच जाडीच्या आकेशियाचा फूटभर तुकडा साधारण पाच किलो भरतो. म्हणजे वर्षाचे चारशे काप. चेनला धार असेल तर असा एक काप दहा सेकंदांत होतो. चारशे काप म्हणजे तास-सव्वा तासाचं काम! बाकीचा सगळा वेळ ओंडके ओढण्यात, घोडीवर (ओंडका ठेवून कापायच्या लाकडी आधारावर) चढवण्यात आणि तुकडे रचण्यात जातो, आणि तिथे मशीन मोठं असून काही फरक पडत नाही. उलट त्याचं वजन दिवसभर मनगटावर येतं.

याच्या निम्मंच जळण लागत असेल आणि गावात मशीन घेऊन रोजाने येणारा माणूस असेल, तर मशीन घेऊच नका. वर्षातून एकदा बाहेर निघणारं पेट्रोल मशीन पुढच्या वर्षी सहसा चालू होत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

वीज की पेट्रोल

लाकूड खळ्यात, घरापासून पंचवीस मीटरच्या आत येऊन पडत असेल तर विजेवरचं मशीन घ्या. १८०० ते २००० वॉटचं, १४ किंवा १६ इंची पट्टीचं (पट्टी म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती). कार्बोरेटर नाही, पेट्रोल-ऑइलचं मिश्रण नाही, दोरी ओढणं नाही. वर्षभराच्या कापणीला दोन-तीन युनिट वीज लागते. शेजारच्यांची झोपमोडही कमी होते.

पण वायरमध्ये कंजूषपणा केलात तर मोटर जाते. २००० वॉटचं मशीन २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढतं, त्यामुळे साध्या लहान सॉकेटवर ते लावायचं नाही. १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. एक्स्टेंशन २.५ स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन तारी केबलची करून घ्या. पंचवीस मीटरवर तिच्यात तीन-साडेतीन व्होल्टच पडतात. मंडपवाल्याकडची ०.७५ ची वायर लावली तर बारा व्होल्ट तिथेच जातात. गावात संध्याकाळी आधीच व्होल्टेज उतरलेलं असतं, मग मोटर घुमते, तापते आणि जळका वास येतो. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळीत तापून तिचं प्लास्टिक वितळतं. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, असायलाच हवी. आणि ओल्या खळ्यात, पावसाच्या शिंतोड्यांत हे मशीन काढायचंच नाही.

लाकूड वाडीत, डोंगरउतारावर पडलेलं असेल आणि तिथेच तुकडे करून आणायचं असेल, तर पेट्रोलला पर्याय नाही. ३० ते ४० सीसी, १४ किंवा १६ इंची पट्टी, वजन साडेचार किलोच्या आसपास. फुटाहून जाड बाभूळ, चिंच, जुना काजू नेहमी कापायचा असेल तरच ४५ सीसीकडे जा.

बॅटरीवरची चार-सहा इंची छोटी मशीनं सध्या सगळीकडे दिसतात. फांद्या छाटायला, हापूसची वाळकी काटकी काढायला छान आहेत. पण ओंडके कापायचं हे यंत्र नव्हे, दोन टन जळण त्याच्याकडून होणार नाही.

स्टिकरवरचे सीसी

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मशीनवर ५८, ६२, कधी ६८ सीसी असं ठळक लिहिलेलं असतं आणि पुढे बावीस इंची पट्टी लावलेली असते. आकडा तपासायला अवघड नाही. पिस्टनचा व्यास आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) विचारा. ४५ मिलिमीटर व्यास आणि ३२ मिलिमीटर स्ट्रोक असेल तर हिशोबाने सुमारे ५१ सीसी होतात, स्टिकर काहीही सांगो. तुलनेला म्हणून सांगायचं तर स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं आहे आणि एमएस २५० हे ४५.४ सीसीचं. घरच्या जळणाला पहिलं पुरतं.

लांब पट्टीचा मोह सोडा. पट्टी नेहमीच्या लाकडापेक्षा दोन इंच लांब असली की झालं. त्याहून जाड ओंडका आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. बावीस इंची पट्टीला तेल जास्त, धार लावायला दात जास्त, आणि टोक कुठे आहे याचं भान राहत नाही. ते टोक मागच्या ओंडक्याला लागलं की मशीन उसळून अंगावर येतं.

स्वस्त मशीन वाईटच असं नाही. भाग मिळत असतील आणि स्वतः खोलायची हौस असेल तर ते चालतं. पण खरेदीपूर्वी तालुक्याच्या दुकानात तीन गोष्टी विचारा: त्याच मॉडेलची चेन, स्टार्टरची स्प्रिंग आणि कार्बोरेटरचा डायफ्राम किट आज कपाटात आहे का? ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर दुसरं मशीन बघा. आगोटीच्या तोंडावर मागवलेला भाग पावसानंतर येतो.

चेन ओळखायची कशी

मशीन घेताना चेनचे तीन आकडे पट्टीवरून वहीत उतरवून घ्या: पिच, गेज आणि खालच्या दात्यांची संख्या. हे दाते पट्टीच्या खोबणीत बसतात. लहान मशीनला बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल पिच असतो, मध्यम मशीनला ०.३२५ इंच. आकडे पुसले गेले असतील तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करा. तीन रिव्हेटांत साडेसोळा मिलिमीटर भरले तर ०.३२५, साडेअठरा ते एकोणीस भरले तर ३/८. गेज म्हणजे खोबणीची रुंदी, ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. ‘सोळा इंची चेन द्या’ एवढ्यावर घेतलेली चेन बऱ्याचदा बसत नाही, कारण एकाच इंचाच्या पट्टीला कंपनीप्रमाणे दाते कमी-जास्त असतात. जुनी चेन दुकानात घेऊन जा आणि दाते मोजून घ्या.

पहिल्याच दिवशी दोन जादा चेन आणि योग्य मापाची गोल कानस विकत घ्या. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची कानस लागते, ०.३२५ ला ४.८ ची. घासाघीस करायचीच असेल तर मशीनच्या किमतीत नको, या दोन चेन फुकट मागा.

दुकानात हातात घेतल्यावर

पुढच्या हँडलसमोरचा पंजा पुढे ढकला. टक्क आवाज होऊन चेन जागच्या जागी अडली पाहिजे. हा चेन ब्रेक. तो नसेल किंवा ढिला असेल तर मशीन परत ठेवा. मागच्या हँडलवरचं कुलूपबटण दाबल्याशिवाय थ्रॉटल दबता कामा नये. पट्टीच्या बुडाशी चेन तुटल्यावर अडवणारा छोटा खुंट असतो, तो आहे ना पाहा. मग मशीन चालू करायला लावा. नुसतं आयडलवर असताना चेन फिरत राहिली तर आयडल जास्त आहे, स्क्रू फिरवून घ्या. शेवटी पट्टीचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून थ्रॉटल द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली नाही तर तेलाचा पंप काम करत नाही, आणि अशा मशीनची पट्टी दोन दिवसांत निळी पडते.

चेन किती ताणायची? मशीन थंड असताना, ब्रेक सोडून, चेन पट्टीच्या मधोमध बोटांनी वर उचला. खालचे दाते खोबणीतून पुरते बाहेर येता कामा नयेत आणि हाताने चेन सरकवता आली पाहिजे. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात सैल पडते, तेव्हा पुन्हा ताणावी लागते. गरम चेन ताणून तशीच ठेवली तर थंड होताना आखडते आणि सगळा ताण क्रँकच्या बेअरिंगवर येतो. काम संपलं की सैल करून ठेवा.

पेट्रोल आणि ऑइल

सगळ्यात जास्त मशीनं इथे मरतात. इंजिन टू-स्ट्रोक आहे, त्याला वेगळं ऑइल नाही. पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका. खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण किंवा सुई काढलेली सिरिंज पुरते. ऑइल ‘जासो एफडी’ (JASO FD) या जपानी मानकाचं घ्या. किनाऱ्यावरच्या गावांत होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं ऑइल घरात असतं आणि तेच ओतलं जातं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी केलेलं आहे. चेनसॉ हवेने थंड होतो, जास्त तापतो, त्याला ते चालत नाही.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणच्या जुलैत अर्धी भरलेली टाकी महिनाभर पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलातच राहतं. टाकीतली नळी तर तळातूनच ओढते! म्हणजे मशीन चालू झालं तरी वंगणाशिवाय चालतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे आतच अडकून बसतो. शंका आली तर मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर ते चेनसॉच्या कामाचं राहिलं नाही. एका वेळी अर्धा लिटरच मिश्रण करा आणि महिन्याच्या आत संपवा. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.

चेनला वंगण देणाऱ्या ऑइलच्या वेगळ्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल घालायची पद्धत सर्रास आहे. त्यातला लोखंडाचा बारीक कीस पंप खातो, आणि ते काळं ऑइल फवाऱ्यासारखं हातावर, कपड्यांवर येतं. चेन ऑइल महाग वाटलं तर निदान कोरं एसएई ३० इंजिन ऑइल वापरा. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकीही संपत आली पाहिजे. भरलेलीच राहिली तर पट्टीवरचं भोक भुशाने बुजलं आहे.

धार

धार असलेली चेन ढलप्या उडवते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ दिसायला लागलं की जोर लावू नका, थांबा. आपल्याकडे चेन लाकडापेक्षा मातीने लवकर मरते. सालीवर वाळवीने चढवलेलं मातीचं अस्तर ही तर साक्षात सँडपेपर; कापायच्या जागी कोयत्याने ते आधी खरवडा. कुंपणाच्या झाडात तारेचे खिळे असतात, तेही बघून घ्या. ओंडका जमिनीवर ठेवून आरपार कापला तर शेवटच्या इंचात चेन मातीत जाते आणि त्या एका सेकंदात सगळी धार जाते. म्हणून घोडी करा, बांबूची नाहीतर जुन्या वाशांची, कंबरेइतकी.

कानस फक्त पुढे ढकलायची, ओढायची नाही. दाताच्या डोक्यावर तिरकी रेघ असते, ३० अंशांची. तिच्याशी समांतर, आडवी, प्रत्येक दाताला तीन-चार हात. कानशीचा पाचवा भाग दाताच्या वर राहू द्या. आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या. काप एका बाजूला वाकडा जात असेल तर एकीकडचे दात लांब राहिलेत. चार-पाच वेळा धार लावून झाली की प्रत्येक दातापुढचा छोटा उंचवटा चपट्या कानशीने खाली आणावा लागतो. तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. जास्त घासला तर चेन लाकडात घुसून हिसके देते.

कापताना

लुंगी आणि स्लीपर घालून मशीनला हात लावू नका. जाड पँट, गमबूट, चष्मा, आणि कानात बोळे, कारण आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून घातलेला असावा, वर ठेवलेला नव्हे. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलवर पाय देऊन दोरी ओढा. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही लागू देऊ नका. उसळी तिथूनच येते.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरचा भाग दाबाखाली असतो, सरळ वरून कापला तर पट्टी चिमटते. वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट: खालून एक तृतीयांश, मग वरून. तरी पट्टी अडकलीच तर मशीन बंद करा, कापात लाकडी पाचर ठोका आणि मग काढा. लोखंडी पाचर चेनजवळ नकोच.

उभं झाड पाडायचं असेल तर ते वेगळं काम आहे, जाणकाराला बोलवा. आणि महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर ही झाडंही आहेत; स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी आधी घ्या. आकेशिया आणि काजू त्या यादीत नाहीत.

पावसाच्या आधी मशीन ठेवताना पट्टी काढून खोबणीतला भुसा खिळ्याने कोरून काढा, पट्टी उलटी करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. एअर फिल्टर धुऊन सुकवा. प्लग काढून आत चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोरी दोनदा हलके ओढा, प्लग पुन्हा लावा. चेन ऑइलमध्ये बुडवून डब्यात ठेवा आणि मशीन चुलीपासून लांब, कोरड्या जागी टांगा.