वणव्याजवळच्या शहरात जावे की थांबावे : लॉस एंजेलिसला निघण्यापूर्वी

मुलगा किंवा मुलगी लॉस एंजेलिसला राहते, तिकिटे तीन महिन्यांपूर्वीच काढून झाली आहेत, आणि निघायला आठवडा उरला असताना दूरचित्रवाणीवर तिथले डोंगर पेटलेले दिसू लागतात. अशा वेळी घरात हमखास दोन मते पडतात. एवढ्या मोठ्या शहरात आग कुठे आणि मुलांचे घर कुठे, असे एकाला वाटते, तर आता तिकडे जायचे नावच काढू नये, असे दुसऱ्याचे म्हणणे असते. दोघांपैकी कोणीही नकाशा पाहिलेला नसतो. आग कुठे आहे, धूर कुठे जातो आहे आणि आपल्या जाण्याचा तिथल्या माणसांवर भार पडणार आहे का, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळी काढली तरच निर्णयाला काही आधार मिळतो.

पहिला प्रश्न आगीचा. लॉस एंजेलिस हे नाव शहराचे आहे तसेच काउंटीचेही, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचेही आहे, आणि ती काउंटी सुमारे १०,५०० चौरस किलोमीटरची, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये आणि त्याच संध्याकाळी ऑल्टाडीनाजवळ ईटन कॅन्यनमध्ये वणवा पेटला. या दोन वणव्यांत मिळून १६,०००हून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि ते पूर्ण आटोक्यात यायला ३१ जानेवारी उजाडली. याच काळात विमानतळ चालू होता आणि ॲनाहाइमचे डिस्नीलँडही चालू होते. युनिव्हर्सल स्टुडिओ मात्र ८ जानेवारीला बंद ठेवावा लागला, आणि त्याच संध्याकाळी हॉलिवूडच्या टेकड्यांवर नवी आग लागून तिथल्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. म्हणून ‘लॉस एंजेलिस सुरक्षित आहे का’ असे विचारून हाती काही लागत नाही. ज्या घरी उतरायचे त्याचा पूर्ण पत्ता घ्यावा आणि तो कॅलिफोर्नियाच्या वन व अग्निशमन विभागाच्या, म्हणजे ‘कॅल फायर’च्या नकाशावर किंवा ‘वॉच ड्यूटी’ या ॲपवर शोधावा. तिथे दोन प्रकारचे विभाग रंगवलेले दिसतात. एक स्थलांतराच्या पूर्वसूचनेचा, म्हणजे सामान बांधून तयार राहण्याचा, आणि दुसरा स्थलांतराच्या आदेशाचा, म्हणजे ताबडतोब बाहेर पडण्याचा. घर यांपैकी कुठल्याही विभागात किंवा त्याला लागून असलेल्या भागात येत असेल, तर पुढचे काही वाचायची गरज नाही. प्रवास पुढे ढकलावा.

त्या नकाशावर प्रत्येक वणव्यापुढे एक टक्केवारीही असते, आणि तिचा अर्थ लावताना बहुतेकांची चूक होते. आपल्याकडे उन्हाळ्यापूर्वी वनविभाग जंगलात जाळरेषा काढतो, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना ठाऊक असते. तिथली टक्केवारी हीच गोष्ट सांगते : वणव्याच्या परिघापैकी किती भागावर आग ओलांडून जाणार नाही अशी रेषा पक्की झाली आहे. चाळीस टक्के म्हणजे चाळीस टक्के आग विझली, असे नव्हे. आतले जंगल धुमसत असू शकते, आणि उरलेल्या साठ टक्के बाजूने आग अजूनही पुढे सरकू शकते. ती उरलेली बाजू घराच्या दिशेला आहे की उलट दिशेला, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष वाऱ्याकडे द्यावे. दक्षिण कॅलिफोर्नियात शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत वाळवंटाकडून समुद्राकडे कोरडे, जोरदार वारे वाहतात. त्यांना सँटा ॲना म्हणतात. ते डोंगरउतारावरून खाली येताना अधिक तापतात, अधिक कोरडे होतात आणि ठिणग्या बऱ्याच दूरच्या छपरांवर नेऊन टाकतात. जानेवारी २०२५मध्ये असेच वारे होते, त्यापूर्वी कित्येक महिने पाऊस जवळजवळ झालेला नव्हता, आणि पहिल्या रात्री तर वाऱ्यामुळे पाणी टाकणारी विमानेही जमिनीवरच ठेवावी लागली. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा अशा स्थितीत ‘रेड फ्लॅग’ इशारा देते. हा इशारा आजसाठी आहे की नाही, यापेक्षा आपण पोहोचणार त्या दिवसासाठी आणि पुढच्या दोन दिवसांसाठी काय अंदाज आहे, ते पाहावे. आग दूर असली तरी इशारा चालू असेल, तर मी स्वतः थांबण्याचाच सल्ला देईन.

धुराचे गणित निराळे असते, कारण त्याला अंतराचे फारसे बंधन नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव वणव्यात जळाले, ८५ माणसे दगावली, आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या सॅन फ्रान्सिस्कोत शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जून २०२३मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले. म्हणून आगीचा नकाशा निर्धोक दिसला तरी ‘एअरनाऊ’ या अमेरिकी सरकारच्या हवा-गुणवत्तेच्या संकेतस्थळावरचा आग-धुराचा नकाशा वेगळा पाहावा.

इथे भारतातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हवा गुणवत्ता निर्देशांक दोन्ही देशांत आहे, पण त्याच्या पायऱ्या सारख्या नाहीत. एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम सूक्ष्म धूलिकण असतील, तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. तेवढ्याच धूलिकणांना अमेरिकी निर्देशांक १५०च्या वर जातो आणि ती हवा सर्वांसाठीच अपायकारक मानली जाते. त्यामुळे ‘तिकडे १६० आहे, आपल्याकडे हिवाळ्यात एवढे असतेच’ ही तुलना करू नये. करायचीच असेल तर मायक्रोग्रॅमच्या आकड्यांची करावी. अमेरिकी निर्देशांक १००च्या आत असेल, तर धुराच्या कारणाने प्रवास टाळायची गरज नाही. १०१ ते १५० या टप्प्यात दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि वृद्धांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तो १५०च्या वर तीन-चार दिवस टिकून असेल, तर वयस्कर आई-वडिलांनी निघू नये, आणि २००च्या वर कोणीच निघू नये, असे मला ठामपणे वाटते. शिवाय घरे जळाली असतील तर राखेत शिसे आणि ॲस्बेस्टॉसही असू शकते, आणि राख उडत असली तरी या निर्देशांकात ते दिसत नाही. जळालेल्या वस्त्यांच्या आसपास आकडा चांगला असला तरी फिरायला जाऊ नये.

तिसरा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. ऑगस्ट २०२३मध्ये कॅनडातील केलोना शहरालगत वणवा पेटला, तेव्हा ब्रिटिश कोलंबिया सरकारने केलोना आणि आसपासच्या काही शहरांत पर्यटकांना हॉटेलात खोल्या देण्यावर बंदी घातली, कारण त्या खोल्या बेघर झालेल्यांना आणि अग्निशमन दलाच्या लोकांना हव्या होत्या. असा आदेश नसला तरी गरज तीच असते. नुसते फिरायला जायचे असेल, तर त्या आठवड्यात जाऊ नये. आप्तांकडे उतरायचे असेल, तर त्यांना मोकळेपणाने विचारावे की घरी आधीच कोणी आश्रयाला आले आहे का. ‘याच, काही होत नाही’ असे मुले भिडेखातर म्हणतात. त्याऐवजी ‘आज रात्री निघावे लागले तर गाडीत आपण सगळे मावू का’ असे विचारले, तर खरे उत्तर मिळते. आजारी नातेवाइकाच्या मदतीला किंवा बाळंतपणाला जायचे असेल, तर तराजू अर्थातच दुसरीकडे झुकतो. पण तेव्हाही जाणारा माणूस धडधाकट हवा.

पैशांविषयी थोडक्यात. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले आणि प्रवाशाने पर्यायी उड्डाण नाकारले, तर अमेरिकेच्या नियमांनुसार पैसे परत मिळतात. आपण स्वतः रद्द केले तर तिकिटाच्या अटी लागू होतात. त्यामुळे घाईने रद्द करण्यापूर्वी, त्या शहरासाठी तारीख विनाशुल्क बदलून मिळते आहे का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. वणवा पेटल्यानंतर काढलेला प्रवास विमा त्या वणव्यामुळे झालेले नुकसान सहसा भरून देत नाही.

निर्णयाची वेळही आधी ठरवून ठेवावी. निघण्याच्या ७२ तास आधी पहिल्यांदा आणि २४ तास आधी दुसऱ्यांदा पत्ता, वारा आणि धूर या तिन्ही गोष्टी पाहाव्यात, आणि मधल्या वेळात बातम्यांची तीच ती दृश्ये पाहत बसू नये. जायचे ठरलेच, तर रोजची औषधे आणि एन-९५ मुखपट्ट्या हातातल्या सामानात ठेवाव्यात. कापडी पट्टीने धुराचे कण अडत नाहीत. पोहोचल्यावर काउंटीच्या इशाऱ्यांसाठी मोबाइल क्रमांक नोंदवावा, आणि मुलांच्या घरापासून बाहेर पडण्याचे दोन रस्ते पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष पाहून घ्यावेत. ९ जानेवारी २०२५ रोजी स्थलांतराचा एक इशारा चुकून जवळपास एक कोटी लोकांच्या काउंटीभर गेला होता. असा संदेश आला तर आपला विभाग नकाशावर लगेच तपासावा, पण तो तपासत असतानाच पासपोर्ट आणि औषधे दाराशी आणून ठेवावीत.