पीआर बारका ठेवा, मोठ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टातली निम्मी कटकट जातेय

बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत घरात बसून बेंगळूर-पुण्याच्या टीमसोबत काम करणारी पोरं आता बरीच झालीत, आणि सगळ्यांची तक्रार एकच, रिव्ह्यूच (आपला कोड दुसऱ्यानं तपासणं) होत नाही ओ. होणार कसा? दोन हजार ओळींचा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडात घ्या म्हणून केलेली मागणी) शुक्रवारी संध्याकाळी टाकला तर समोरचा वरवर बघून अप्रूव्ह करतोय आणि घरी जातोय.

तेव्हा आधी पीआर फोडा. रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडाची मांडणी सुधारणं) वेगळं, फीचर वेगळं, फॉरमॅटिंग तर वेगळंच पाहिजे, नाहीतर खरा बदल कुठला तेच दिसत नाही. फीचर अर्धवट असलं तरी फ्लॅगच्या (फीचर चालू-बंद करायच्या बटणाच्या) मागं बंद ठेवून मेनमध्ये, म्हणजे मुख्य कोडात, मर्ज करत जावा, वेगळी ब्रँच (कोडाची वेगळी फांदी) महिनाभर सांभाळत बसू नका. काम झालं की फ्लॅग काढा मात्र, ते कोणीच काढत नाही.

बारक्या पीआरचा खरा फायदा बग शोधताना कळतोय. समजा मागच्या रिलीजला पेमेंट चालत होतं, आज बंद, आणि मध्ये हजार कमिट (नोंदवलेले बदल) झालेत. गिट (कोडाचा इतिहास ठेवणारं टूल) मधली बायसेक्ट कमांड स्टार्ट करा, आत्ताचं बॅड, जुना टॅग (मागच्या रिलीजची खूण) गुड म्हणून सांगा. गिट मधोमधचं कमिट काढून देतंय, तुम्ही चालवून बघायचं आणि गुड की बॅड एवढंच सांगायचं, दरवेळी अर्धी यादी उडतेय, म्हणजे साधारण दहा फेऱ्यांत नेमकं कमिट हातात. टेस्टची स्क्रिप्ट असली तर बायसेक्ट रनला जोडा, ते आपोआप चालतंय, आणि चहा पिऊन या की. पण मधली कमिटं बिल्डच होत नसतील तर स्किप मारत बसायचं, आणि शेवटी सापडलेलं कमिट दोन हजार ओळींचं निघालं तर काय उपयोग सांगा?

सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सिस्टीममध्ये) कधी पास कधी फेल होणारी टेस्ट असली तर लगेच बाजूला काढून कुणाच्या तरी नावावर टाका. 'परत रन कर' ही सवय लागली की खरं फेल झालेलं पण कोणी बघत नाही.

कुठला फोल्डर कुणाकडं तेपण लिहून ठेवा, लिनक्स कर्नलमध्ये मेंटेनर्स नावाची फाईलच आहे त्यासाठी, गिटहबवर (कोड ठेवायची साइट) कोडओनर्स फाईल वापरा. रिलीजचं पण कर्नलवाल्यांकडनंच शिका, दोन आठवडे मर्ज विंडो (नवीन फीचर घ्यायची मुदत), मग दर आठवड्याला आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे तपासायची आवृत्ती), साधारण 9-10 आठवड्यांत रिलीज. तुमचं फीचर विंडोत बसलं नाही तर पुढच्या गाडीला, त्यासाठी कोणी थांबत नाही.

आणि कॉलवर निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात काय ठरलं ते त्याच दिवशी तिकिटात (त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीत) टाका, पुण्याच्या माणसाला कन्नड येत नाही.