विंडोज सोडताय? पहिलं लिनक्स असं निवडा

लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली; तिच्या मिंट, फेडोरा अशा वेगवेगळ्या प्रकारांना डिस्ट्रो म्हणतात. आधी संगणकाची रॅम किती ते बघा, आणि रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी काढा. खरी अडचण या यादीत असते. फोटोशॉप आणि एमएस ऑफिसच्या डेस्कटॉप आवृत्त्या लिनक्ससाठी निघत नाहीत. व्हॅलोरंटसारखे गेमही त्यांच्या अँटी-चीटमुळे (खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) चालत नाहीत. यातल्या एखाद्यावाचून काम अडत असेल तर विंडोज काढू नका, शेजारी लिनक्स ठेवा. ब्राउझर, व्हिडिओ आणि साधं लिखाण एवढंच असेल तर निर्धास्त पुढे जा.

४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. कोपऱ्यातला मेनू, खालची पट्टी, सगळं ओळखीच्या जागी असतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. रॅम कमी असेल तर मिंटचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. अर्थात ब्राउझरमध्ये खूप टॅब उघडले तर तीही अडखळेल. लॅपटॉप अगदी नवा असून मिंटला त्याचं वायफाय सापडत नसेल तर फेडोरा बघा, कारण त्यातला कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा गाभा) ताजा असतो. मात्र त्याच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात. आर्च ही अनुभवींसाठीची डिस्ट्रो सध्या नकोच.

आता ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने निवडलेल्या लिनक्सची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) लिहा (आतलं सगळं पुसलं जातं). संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा. बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप. लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून उघडेल. इथे घाई करू नका, चांगला अर्धा तास द्या. वायफाय जोडा, आवाज ऐका, ब्राइटनेस कमी-जास्त करा, लॅपटॉपचं झाकण मिटून परत उघडा. झोपलेला लॅपटॉप जागा झाला नाही तर दुसरी डिस्ट्रो बघा. वेग मात्र इथे जोखू नका, पेनड्राइव्ह मुळातच संथ असतो. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबी टेदरिंगने (केबलमधून फोनचं इंटरनेट देऊन) जोडून मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा. बऱ्याचदा ड्रायव्हर तिथेच मिळतो.

सगळं जमलं की फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोज ठेवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेल आरएसटी हा डिस्कचा मोड चालू आहे का पाहा. पण विंडोज ठेवायचं असताना ते परस्पर बदलू नका, विंडोज सुरू होणं थांबतं.

इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या अपडेटच्या आधी टाइमशिफ्ट या प्रोग्राममध्ये एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर प्रणाली आधीच्या स्थितीत नेता येते.