जुन्या वाड्यात भाड्याच्या खोल्या काढताना: संडास-बाथरूम कुठे घ्यावं?

वाड्याचे भाग पाडताना प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम हवं असतं आणि वाड्याचं खरं नुकसान इथेच होतं. वरच्या मजल्याची जमीन कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेली असते. बाथरूमसाठी तिच्यावर विटांच्या तुकड्यांची 20 सेंमी भर टाकली की दर चौरस मीटरला साधारण 400 किलो वजन वाढतं, आणि ते पेलायला त्या कड्या बसवलेल्याच नाहीत. शिवाय गळती दिसत नाही. पाणी भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी साचतं, तिथे हवा खेळत नाही, म्हणून लाकूड कुजायला सुरुवात तिथूनच होते.

म्हणून आधी तुळयांची टोकं तपासा. स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. सहज सेंटिमीटरभर आत गेला तर ते लाकूड गेलंच समजा.

बाथरूम मागच्या चौकाच्या बाजूला, एकावर एक घ्या. त्यांना जुन्या भिंतीचा आधार न देता जमिनीतून उठणारा हलका लोखंडी सांगाडा द्या. सगळे पाइप भिंतीत न गाडता उघड्यावरच ठेवा, म्हणजे गळती लगेच दिसते. मैल्याच्या 110 मिमी पाइपला मीटरमागे 2.5 सेंमी उतार हवा. फरशी बसवण्याआधी 5 सेंमी पाणी 48 तास साठवून ठेवा आणि खालून बघा.

ओल आलेल्या वीट-मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र अजिबात नको, ओल आतच कोंडते. चुन्याचाच करा. वाडा वारसा यादीत असेल तर महापालिकेची परवानगी आधी, पहार नंतर.